कौलाचा शॉट

चार वेळा देवानं होकार दिला होता आणि आम्हाला नकार हवा होता.

मये गावातल्या एका भाड्याच्या घराच्या पडवीत आम्ही पंधराजण श्वास रोखून एका पाषाणाकडे बघत होतो. पाषाण आर्ट डिपार्टमेंटनं आणलेला. त्याच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवलेल्या. कॅमेरा चालू. काम एकच, कळी पडायची वाट बघणं.

ज्यांना कौल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्याकडे पेडण्या-डिचोलीत आणि पलीकडे सिंधुदुर्गात घरातलं काही मोठं ठरवायचं असलं की देवाला विचारतात. गुरव पाषाणावर पाण्यानं कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालून देवाला प्रश्न विचारतो आणि सगळे गप्प उभे राहतात. देवाच्या उजव्या अंगाची कळी आधी पडली तर होकार. डाव्या अंगाची पडली तर नकार. मग वाद नाही. लग्नं मोडतात, जमिनीचे दावे मागे घेतले जातात.

आमचा सिनेमा क्राइम थ्रिलर होता. लो-बजेट, म्हणजे इतका की खलनायकाचा शर्ट दिग्दर्शकाचा स्वतःचा होता. नाव सांगत नाही, तुम्ही ऐकलेलं नसेल. डिचोलीकडच्या एका बंद खाणीच्या पाण्यात ट्रक ड्रायव्हरचं प्रेत सापडतं. त्याच्या बायकोचा संशय त्याच्या पार्टनरवर असतो. ती देवाला विचारते, ‘यानंच मारलं का?’ देव ‘नाही’ म्हणतो. तिला ते पटत नाही. शेवटी कळतं की पार्टनर निर्दोष होता, खून तिच्या सख्ख्या भावानं केला होता. म्हणजे देवानं सांगितलेलं खरं होतं. सगळा सिनेमा त्या एका कळीवर उभा होता.

मी कंटिन्युइटी बघायचे. सिनेमा तुकड्यांत शूट होतो. दारातून बाहेर पडणारा माणूस आज शूट होतो आणि तोच माणूस अंगणात पोचलेला पंधरा दिवसांनी. मधल्या काळात त्याच्या कपाळावरची जखम दुसऱ्या भुवईवर जाता कामा नये. हे बघणारा माणूस म्हणजे कंटिन्युइटी. निखिलसर, आमचे दिग्दर्शक, मुंबईचे. मला घेताना म्हणाले होते, “कमी बोलणारी माणसं जास्त बघतात.” ते खरं होतं. फक्त या कामात बघितलेलं सांगावंही लागतं, हे ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं.

कौलाचा सीन आमच्याच गावच्या देवळाच्या सभामंडपात शूट झाला होता. धारगळच्या हायवेवरून आत वळलं की आमचा गाव. परवानगी माझ्या भानुकाकांनी मिळवून दिली. ते देवस्थान कमिटीवर होते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, घरातल्या कार्यालाही कोपरा धरून बसणारी. काकांकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं ते हे.

कमिटीत बराच वाद झाला. वसंत म्हणून एक सभासद होते, ते म्हणाले, “पिच्चरवाले देवाक खोटो पाडतले. बघ तू.”

काका म्हणाले, “माझी पुतणी हा थय. ती बघतली.”

अटी दोन. खऱ्या देवासमोर शूटिंग नाही. आणि देवाचा शब्द सिनेमातसुद्धा फिरवायचा नाही. काकांनी देवापुढे नारळ ठेवून तसं सांगितलं. माझ्या देखत. आमच्याकडे नारळ ठेवून सांगणं म्हणजे सही करण्यापेक्षा मोठं. तो शब्द मोडला तर काका कमिटीतून उठणार, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

गावात दिवस अपुरा पडला. फक्त लांबून घेतलेला शॉट मिळाला: बायको हात जोडून उभी, समोर पाषाण, बाजूला समई. कळी पडण्याचा क्लोजअप राहिला. तो दहा दिवसांनी मयेला घ्यायचा ठरलं. कळ्या लावायला आमच्या देवळातले शाबी गुरव स्वतः आले, कारण दुसऱ्या कुणी लावणं कमिटीला मान्य नव्हतं.

आर्टवाल्यानं सुचवलं, “कळीला बारीक दोरा बांधू. ओढला की पडेल.”

शाबींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाले, “दोरो बांधून कौल? मगे माका कित्याक हाडलात? दोऱ्याकच विचारा.”

तर दोरा नाही. कळ्या लावायच्या आणि थांबायचं. पहिल्यांदा उजवी पडली. दुसऱ्यांदा उजवी. तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही. निखिलसरांचा चेहरा उतरत गेला. शाबी पाषाण पुसत म्हणाले, “देव व्हय म्हणता, तुमका ‘ना’ जाय. त्येका तरी काय कळतला?”

सगळे हसले. मीही हसले. पाचव्या वेळी अर्धा तास काहीच झालं नाही. पडवीतलं ऊन खांबावरून खाली सरकत होतं. तेवढं ऊन गेलं की त्या दिवसाचं काम संपलं, आणि घर दुसऱ्या दिवशी मिळणार नव्हतं. आणि मग डाव्या अंगाची कळी सुटली. आधी जराशी घसरली, थांबली, आणि पडली.

“कट!” निखिलसर ओरडले. टाळ्या पडल्या. कॅमेरामननं शाबींच्या पाया पडून घेतलं.

त्याच क्षणी मला दिसलं की समई चुकीच्या बाजूला आहे.

गावातल्या शॉटमध्ये ती पाषाणाच्या एका अंगाला होती, इथे दुसऱ्या. मध्ये कुणीतरी तेल घालायला उचलली आणि परत ठेवताना इकडे ठेवली. माझ्या वहीत चित्र काढलेलं होतं. वही माझ्या मांडीवर होती. मला फक्त “सर, समई” एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. मी तोंड उघडलं. निखिलसर शाबींना मिठी मारत होते. उन्हाचा पट्टा जमिनीवर आला होता. मी तोंड मिटलं.

वहीत मी लिहिलं: टेक पाच, ओके.

दोन महिन्यांनी पणजीला एका फ्लॅटमध्ये एडिटिंग सुरू झालं. एडिटर विवेक, पुण्याचा. त्यानं लांबचा शॉट लावला, त्याला क्लोजअप जोडला, आणि हात थांबवला.

“समई उडी मारतेय,” तो म्हणाला. “इथे इकडे, तिथे तिकडे. कंटिन्युइटीला कोण होतं?”

मी मागच्या खुर्चीवर होते. निखिलसर वळून माझ्याकडे बघू लागले. माझ्या कानांत एसीचा आवाज एकदम मोठा झाला.

“जाऊ दे,” विवेक म्हणाला. “फ्लॉप करतो.”

फ्लॉप करणं म्हणजे शॉट आरशात दिसतो तसा उलटा करणं. कम्प्युटरवर एका बटणाचं काम. उजवीकडचं डावीकडे, डावीकडचं उजवीकडे. त्यानं बटण दाबलं आणि समई शहाण्यासारखी आपल्या जागेवर गेली. निखिलसर परत स्क्रीनकडे वळले. मला इतकं हलकं वाटलं की मी उठून सगळ्यांसाठी चहा करून आणला.

घरी जाताना म्हापशाला बस बदलायला उतरले. फळांच्या गाड्याशी उभी होते आणि एकदम लक्षात आलं. समईबरोबर कळीही उलटली होती. डाव्या अंगाची कळी आता उजव्या अंगाची झाली होती. आमच्या सिनेमात देव ‘होय, यानंच मारलं’ असं सांगत होता. निर्दोष माणसाबद्दल.

प्रश्न विचारून झाल्यावर सीनमध्ये संवाद नव्हता. निखिलसरांचा आग्रह होता की तिथे कुणी काही बोलायचं नाही, चित्रच बोलेल. ते आता बोलत होतं.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवून गेले. विवेक पुढच्या सीनवर होता. त्याच्या पुढच्या दिवशी पाहुणे आले. आठवड्यानं निखिलसर म्हणाले, “पिक्चर लॉक.” म्हणजे आता कापाकापी बंद. मी स्वतःला समजावलं की मुंबई-पुण्याच्या लोकांना कौल कुठे कळतो, कुणाच्या लक्षात येणार नाही.

पणजीला समीक्षकांसाठी शो झाला. मुंबईहून आलेल्या एका समीक्षकाचं परीक्षण रविवारच्या मराठी पेपरात आलं. अभिनय बेताचा, आवाज खराब, कथा ओळखीची, असं सगळं लिहून झाल्यावर शेवटी त्यांनी कौलाच्या सीनबद्दल लिहिलं होतं. या सिनेमात देवसुद्धा खोटं बोलतो, निर्दोष माणसाला खुनी ठरवतो, आणि हे दाखवायचं धाडस करणारा दिग्दर्शक लक्षात ठेवायला हवा, असा मथितार्थ.

कौल त्यांना कळत होता. मी त्यांना उगाच कमी समजले होते.

सकाळी साडेसातला फोन वाजला. आमच्या गावात मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात.

“बाय,” काका म्हणाले, “पेपरात काय बरयला हा? देवान खोटो कौल दिलो म्हणान?”

“काका, ते समीक्षक... ते काहीही लिहितात.”

“तू थय होतंस मा?”

“होते.”

“देवान काय सांगलां?”

“नाही म्हणून सांगितलं, काका.”

“मगे बरा. वसंत सकाळपासून सोप्यार येवन बसलो हा. शुक्रवारी दिवचलेक लागता मा पिच्चर? आमी सगळे येतलों. जीप सांगल्या. शाबीय येतलो.”

मी खोटं बोलले नव्हते. देवानं नाहीच म्हटलं होतं. पण शुक्रवारी डिचोलीला पडद्यावर काय दिसणार होतं ते मला माहीत होतं, आणि काकांनी आत्ताच माझा शब्द घेऊन तो सोप्यावर बसलेल्या माणसाला दिला होता.

सोमवारी निखिलसरांना गाठलं. ते परीक्षण फ्रेम करायला देऊन आले होते.

“सर, कौलाचा शॉट सरळ करू या का?”

“सरळ म्हणजे?”

सांगितलं. समईपासून सगळं. बोलताना जमिनीकडे बघत होते. ते शांतपणे ऐकत राहिले, त्यानं मी आणखी घाबरले.

“म्हणजे आपल्याकडून चूक झाली आणि ती सिनेमातली सगळ्यात चांगली गोष्ट ठरली,” ते म्हणाले. “बरोबर?”

“पण देव खोटा ठरतो, सर.”

“हे बघ, अख्ख्या परीक्षणात माझ्याबद्दल चार ओळी चांगल्या आहेत. चारही त्या शॉटबद्दल. तो काढला तर माझ्याकडे काय उरतं? खराब आवाज?”

“गावाला शब्द दिलाय.”

“कुणी?”

काकांनी, म्हणायला हवं होतं. माझ्या जिवावर, म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “ठीक आहे, सर.”

“आणि हे बाहेर बोलू नकोस,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. “या लाइनमध्ये माणसं एकमेकांना विचारून कामं देतात.”

दोन दिवस नीट जेवले नाही. बुधवारी काकांना सांगायचं म्हणून गावाला गेले. काकी चहा-पाव घेऊन आली. काका शुक्रवारसाठी शर्टाला इस्त्री करून घेत होते. “तुझा नाव येतला पडद्यार, किती वेळ दिसता ता?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन सेकंद. “पुरे,” ते म्हणाले. मी पाव चहात बुडवून खाल्ला आणि परत आले.

शुक्रवारी मॅटिनीला गावातली चाळीसेक माणसं आली होती. काका तिसऱ्या रांगेत, शेजारी शाबी, त्यांच्या मागेच वसंत. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. निखिलसर भिंतीला टेकून उभे होते. कौलाचा सीन अडतिसाव्या मिनिटाला येतो. मी पडदा बघतच नव्हते, घड्याळ बघत होते. तिकिटाचा तुकडा बोटांत चुरून त्याचा लगदा झाला होता.

छत्तिसाव्या मिनिटाला स्वतःचं देऊळ पडद्यावर बघून लोक खूश झाले. कुणीतरी शिट्टी मारली. मग बायको हात जोडून उभी राहिली आणि सगळं थिएटर आपोआप गप्प झालं, खऱ्या कौलाला होतं तसं. एक हात आला, त्यानं कळी लावली, बाजूला झाला. कळी घसरली. थांबली. पडली.

मग वसंतांचा आवाज: “भानू, हां काय?”

काका पडद्याकडेच बघत होते.

“पेपरात खरा बरयलेला. देवान निर्दोषी माणसाक खुनी ठरयलो. असोच शब्द राखतत?”

खुर्च्या वाजू लागल्या. “बंद कर!” “लाइट घाल!” दोघं-तिघं मागे प्रोजेक्टरच्या खोलीकडे धावले. पडदा काळा झाला, दिवे लागले. निखिलसर पुढे गेले. “हे मुद्दाम केलेलं आहे,” ते म्हणाले. “कलाकृती म्हणून बघा...” त्यानं आवाज आणखी वाढला. कुणीतरी त्यांच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभं राहिलं.

काका उठून मागे वळले होते. गर्दीत मला शोधत होते. मी सीटमध्ये खाली सरकले. हे लिहायला लाज वाटते, पण सरकले.

तेवढ्यात शाबी उठले. त्यांनी स्वतःचा उजवा हात डोळ्यांसमोर धरला होता आणि तो उलटा-सुलटा करून बघत होते. त्यांच्या अंगठ्याचं नख काळं आहे, जुन्या माराचं.

“गप रवा मरे सगळे,” ते म्हणाले. ते मोठ्यानं बोलत नाहीत, पण गाऱ्हाणं घालणाऱ्या माणसाचा आवाज लोक ऐकतात. “थयलो हात माझो. नख माझा. पण तो डावो हात.”

कुणाला कळेना.

“डाव्या हातान मी देवाक कळी लायन? जल्मात लायलेली ना. मये मी उजव्यान लायली. चित्र कोणी पलटला?”

मी तो शॉट निदान शंभरदा बघितला होता. समई बघितली, कळी बघितली. हात बघितलाच नव्हता. मुंबईच्या समीक्षकानं बघितला नव्हता, विवेकनं नाही, निखिलसरांनी नाही.

सगळे निखिलसरांकडे बघू लागले. ते शाबींकडे बघत होते. दाराशी उभा असलेला माणूस हलला नव्हता.

मी उभी राहिले. पहिलं वाक्य इंग्रजीत आलं. कुणी ऐकलं नाही. मग आमच्या बोलीत बोलले, शाळेत बोलल्यावर दंड व्हायचा त्या.

“काका, माझ्यामुळं झाला. समई उरफाटी ठेवलेली, ती माका दिसली. मी सांगूक ना. ती चूक लपवूक चित्र पलटलां. देवान ना म्हटलेला. मी माझ्या डोळ्यांनी बघलां.”

चाळीस तोंडं माझ्याकडे. मी जन्मात इतकं सलग चारचौघांत बोलले नव्हते.

वसंत म्हणाले, “म्हणजे देव फिरलो ना. मशिनीन फिरयलो.”

“डाव्या हाताचो कौल कौलच न्हय,” शाबी म्हणाले. “तो धरूचो नसता. देव त्यात ना.” आणि ते खाली बसले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. “आता लाय पुढे. खून कोणी केलो ता बघुया.”

सिनेमा पुढे चालू झाला. शेवटी भाऊच खुनी निघाला तेव्हा लोकांनी त्याला मनापासून शिव्या घातल्या.

बाहेर जिन्यावर काका थांबले होते.

“मये थयच सांगला असतंस तर?”

“भियेले.”

“कोणाक? देवाक?”

“निखिलसरांक.”

त्यांनी शर्टाची बाही सारखी केली. “देवाक भियेली असतंस तर बरा जाला असता,” ते म्हणाले आणि जीपकडे गेले. रविवारी त्यांनी मला देवळात बोलावून घेतलं. नारळ मला ठेवायला लावला. शाबींनी गाऱ्हाण्यात समईचा उल्लेख नावानिशी केला. काका कमिटीवर राहिले.

थिएटरच्या मालकानं सांगितलं, शॉट सरळ होऊन आला तरच पुढचे शो. निखिलसरांनी तो सरळ करून पाठवला. समई पुन्हा उडी मारू लागली. पुढच्या आठवड्यात पणजीच्या एका समीक्षकानं लिहिलं की प्रयत्न प्रामाणिक आहे, पण ऐन कौलाच्या सीनमध्ये दिवा जागा बदलतो, इतकी प्राथमिक चूक अक्षम्य आहे. धाडसाबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही. सिनेमा दोन आठवड्यांत उतरला. निखिलसरांनी मला परत काम दिलं नाही. मुंबईचं परीक्षण मात्र त्यांच्या ऑफिसात अजून फ्रेममध्ये आहे, असं ऐकते. त्या सीनबद्दल कुणी विचारलं तर ते सविस्तर उत्तर देतात.

मी अजून हेच काम करते. माझ्या रिपोर्टात एक रकाना जास्त असतो: हात, उजवा की डावा. हाताखालच्या मुली विचारतात, हे कुणासाठी लिहायचं? मी सांगते, समीक्षकांसाठी नाही.